आत्या फोटोत आडवी का झाली? माणसांसाठी स्वस्तातली वाइड लेन्स निवडताना

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते आणि माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न यायला लागतो. "घरचे कार्यक्रम काढायचेत, सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत, स्वस्तातली वाइड लेन्स कुठली घेऊ?" विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं. मीही पूर्वी द्यायचे. भाचीच्या बारशानंतर ते बंद केलं.

खोली दहा बाय बाराची. मधे पाळणा, भोवती अकरा जणी, भिंतीला टेकून जेवणाची टेबलं. कॅमेरा होता माझ्या गळ्यात, पण मी गोपाळ घेणाऱ्यांत अडकले होते. मावसभावाने फोन आडवा धरला, ०.५ वर बोट टेकवलं आणि अकराच्या अकरा जणींना एका फोटोत बसवलं. रात्री तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. पाळण्याजवळची वहिनी नेहमीसारखी. उजव्या टोकाला पैठणीतली आत्या, पण गाल कानाकडे ओढलेला, दंड दुप्पट, डोकं भोपळ्यासारखं आडवं. दहा मिनिटांत तिचा फोन.

"अगं, मी काय एवढी आडवी आहे का?"

"नाही गं आत्या, ती लेन्स तशी आहे."

"मग बाकीच्यांना नाही का लागली ती लेन्स?"

प्रश्न बिनतोड होता. बाकीच्यांना लागलीच नव्हती, किंवा कमी लागली होती. असं का होतं हे कळलं, की कुठली लेन्स घ्यायची याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं. म्हणून आधी ते.

## दोनच शब्द, मग जास्त नाहीत

पहिला शब्द फोकल लेंथ. लेन्सवर १८, २४, ५० असे मिलिमीटरचे आकडे असतात, ते हे. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्य अरुंद आणि जवळ आल्यासारखं. लहान आकड्यांच्या लेन्सला आपण वाइड म्हणतो.

दुसरा शब्द सेन्सर, म्हणजे जुन्या रोलच्या जागी आता जी चिप प्रकाश टिपते ती. जुन्या रोलच्या चौकटीएवढा, ३६ मिमी रुंद सेन्सर असेल तर तो फुल फ्रेम. घरोघरी असतात ते बहुतेक कॅमेरे मात्र क्रॉप सेन्सरचे. निकॉन, सोनी, फुजीमध्ये हा सेन्सर साधारण साडेतेवीस मिमी रुंद, कॅननमध्ये २२.३. चौकट लहान म्हणजे कडा कापल्या गेल्या. म्हणून तीच २४ मिमीची लेन्स फुल फ्रेमवर ऐसपैस वाइड, तर क्रॉपवर फुल फ्रेमच्या ३६-३८ मिमीइतकीच रुंद. खिडकी तीच, पडदा दोन्ही बाजूंनी थोडा ओढलेला.

इंटरनेटवर "माणसांसाठी ३५ घ्या" असा सल्ला वाचून क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ मिमी लावणारे दरवर्षी भेटतात. लेन्स उत्तम असते. पण त्यांच्या कॅमेऱ्यावर ती ५२-५६ मिमीसारखी वागते आणि बारशाच्या खोलीत पुन्हा चारच माणसं मावतात. सल्ला फुल फ्रेमवाल्याने फुल फ्रेमवाल्यांसाठी दिलेला असतो, एवढंच.

## दुकानात जाण्याआधी टेप काढा

लेन्सच्या बाबतीत एक गुणाकार आहे जो दुकानदार सांगत नाही. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ, गुणिले माणसांपर्यंतचं अंतर. जे येईल तेवढी रुंदी फोटोत दिसते.

साडेतेवीसच्या सेन्सरवर २४ मिमी लावली तर भागाकार जवळजवळ १. म्हणजे जेवढे फूट लांब उभे राहाल, तेवढेच फूट रुंद दिसेल. लक्षात ठेवायला यापेक्षा सोपं काही नाही. फुल फ्रेमवर हेच काम ३५ मिमी करते.

आता आमची बारा फुटी खोली घ्या. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी कॅमेरा ते माणसं अंतर आठ फुटांवर जात नाही. २४ मिमीला आठ फूट रुंदी मिळते. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला पावणेदोन-दोन फूट धरा, म्हणजे चार-पाच जण. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, बहुधा १८-५५ ची झूम, १८ वर नेली की साडेदहा फूट, पाच-सहा जण. १६ मिमीला पावणेबारा फूट. आणि १० मिमी लावली तर जवळजवळ १९ फूट. खोलीची भिंतच बारा फुटांची! उरलेल्या सात फुटांत चपलांचं कपाट, पंखा, पाण्याचा जार आणि दारातून डोकावणारे शेजारी येणार. लोकांना हवी असतात आणखी तीन माणसं, आणि ते पैसे भरतात चपलांच्या कपाटाचे.

स्वतःच्या घरात, नेहमीच्या हॉलमध्ये एकदा टेपने मोजा. बहुतेकांची गरज १६ ते २४ मध्येच संपते.

## टोकाची माणसं का फुगतात

अंधाऱ्या खोलीत भिंतीसमोर टॉर्च घेऊन उभे राहा. झोत समोर सरळ टाका, वर्तुळ पडेल. आता तुम्ही जागेवरच राहून झोत बाजूला वळवा. वर्तुळ लांबट होत जाईल, जितकं कडेला तितकं जास्त.

कॅमेऱ्याचा सेन्सर ही ती भिंत. प्रकाश मधे सरळ पडतो, कडेला तिरका. माणसाचं डोकं गोल, म्हणून कडेला ते टॉर्चच्या डागासारखं आडवं ताणलं जातं. मग भिंतीवरचं कॅलेंडर का नाही ताणलं जात? कारण कॅलेंडर सपाट आहे. तिरकं पाहिलं की ते आपल्या डोळ्याला आधीच अरुंद दिसतं, लेन्स ते जेवढ्यास तेवढं ताणून पुन्हा मूळ मापावर आणते. डोकं मात्र कुठूनही पाहा, गोलच दिसतं. त्याला ताणण्याची गरज नसताना ताणलं जातं. म्हणूनच बारशाच्या त्या फोटोत आत्याच्या मागचं दार अगदी सरळ, नीट आहे, आणि आत्या नाही.

किती ताणलं जातं याचाही हिशेब आहे. साडेतेवीसच्या क्रॉप सेन्सरवर आडव्या फोटोच्या अगदी टोकाला २४ मिमीची लेन्स डोकं सुमारे ११ टक्के रुंद करते. कुणाच्या लक्षात येत नाही. १८ मिमी १९ टक्के, १६ मिमी २४ टक्के, इथे घरची माणसं कुरकुरायला लागतात. १० मिमी ५४ टक्के. हे सगळं महाग लेन्सलाही तसंच लागू आहे. लाखाची १० मिमी घेतली तरी आत्या दीडपट रुंदच येणार.

हे कोडं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचं आहे. इटालियन चित्रकार रफाएलने १५०९ ते १५११ च्या दरम्यान व्हॅटिकनमध्ये जे 'अथेन्सची शाळा' हे भित्तिचित्र रंगवलं, त्यात कमानी, फरशी सगळं यथादर्शनाच्या, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या, नियमाने काटेकोर आहे. पण उजव्या टोकाला दोन जणांच्या हातात गोल आहेत, ते त्याने नियमाप्रमाणे लंबवर्तुळ न काढता साफ गोल काढले आहेत. नियम पाळला असता तर बघणाऱ्यांनी त्यालाच नावं ठेवली असती.

## नाक मोठं दिसतं ती गोष्ट वेगळी

"वाइड लेन्सने नाक मोठं दिसतं" हे वाक्य सगळे म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे. नाक मोठं करतं ते अंतर.

नाकाचं टोक ते कान, धरा १२ सेंटिमीटर. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे ४० टक्के लांब. लांबचं लहान दिसतं, त्यामुळे कान आकसतात आणि नाक पुढे येतं. कॅमेरा दीड मीटरवर नेला तर कान फक्त ८ टक्के लांब. चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या अभ्यासकांनी नेमकं हेच गणित मांडलं होतं: १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं, ५ फुटांवर हा फरक जाणवण्यापलीकडे जातो. सेल्फी बघून नाकाची शस्त्रक्रिया मागायला लोक येऊ लागले होते, म्हणून हा खटाटोप.

लेन्सचा दोष एवढाच, की वाइड लावल्यावर फ्रेम भरायला आपण पुढे पुढे सरकतो. पाच फुटांच्या आत न जाण्याची सवय लावली तर वाइड लेन्सने काढलेला चेहराही ठीक येतो. फ्रेममध्ये तो लहान येतो, हे खरं.

## माझा कौल

क्रॉप कॅमेऱ्यावर माणसं काढायला २३ किंवा २४ मिमीची, झूम नसलेली, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स (एफच्या आकड्यांचं पुढे सांगते). फुल फ्रेमवर २८ किंवा ३५. खोल्या खरोखरच लहान असतील तर क्रॉपवर १६. त्याखाली माणसांसाठी नको. डोंगर, देऊळ, बिल्डरच्या फ्लॅटच्या जाहिराती यांसाठी १० मिमी जरूर घ्या.

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. १८-५५ च्या किट लेन्सच्या झूमच्या कड्यावर १८ आणि २४ हे आकडे छापलेले असतात. कडं २४ वर फिरवा, वर कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि एक अख्खा कार्यक्रम तसाच काढा. पुढच्या कार्यक्रमाला १८ वर. कुठे घुसमट झाली, कुठे चपलांचं कपाट आलं, तुमचं तुम्हालाच कळेल. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हा टेपचा तुकडा देते. काही जण परत येतच नाहीत. त्यांना १८ पुरतं.

## "पण माझ्या ५० ने मागचं काय सुंदर ब्लर होतं!"

होतं. एफ/१.८ ची ५० मिमी ही स्वस्तातली सर्वांत भारी लेन्स आहे आणि एकेकट्या माणसाला तिच्याइतकं कुणी खुलवत नाही. पण तोच गुणाकार करून बघा. क्रॉपवर आठ फुटांवरून ती पावणेचार फूट बघते. नवरा-नवरी, संपलं. शिवाय एफ/१.८ वर आठ फुटांवर फोकस केला तर स्पष्ट पट्टा जेमतेम वीतभर. पुढची रांग धारदार, मागचे आजोबा धुक्यात.

२४ मिमी एफ/२.८ वर त्याच आठ फुटांवर फोकस करा, साडेसहा ते साडेदहा फुटांपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दोन-तीन रांगा सहज. उलट बाजू अशी की मागचा पसाराही स्पष्ट येतो, त्यामुळे फोटोआधी टेबलावरची पाण्याची बाटली हलवावी लागते.

आणि कधीकधी तो पसाराच हवा असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकांचा फोटो मी आधी ५० ने काढला होता. छान आला, पण ते बँकेतले निवृत्त कारकूनही असू शकले असते. मग २४ ने काढला. पाच-सहा फुटांवरून, ते फ्रेमच्या मधे. डावीकडे पट्टा फिरतोय, मागे तेलाच्या डब्यांवर नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या, भुवयांवर पीठ, आणि वरच्या कोळिष्टकांवरही पीठ. काकांनी तो मोठा करून गल्ल्यामागे लावलाय. वाइड लेन्स माणसासोबत त्याची जागा दाखवते, तिचं खरं काम हे. गर्दी मावते, हा वरचा फायदा.

## "सॉफ्टवेअरने सरळ होतं की"

सरळ होतात त्या रेषा. स्वस्त वाइड लेन्सला फोटोच्या कडेच्या रेषा बाहेर फुगवण्याची खोड असते, दाराची चौकट धनुष्यासारखी येते. कॅमेरा किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते एका झटक्यात काढून टाकतं. पण रेषा सरळ करताना कडा आणखी बाहेर ओढल्या जातात, म्हणजे आत्या आणखी फुगते.

रफाएलची युक्ती करणारं सॉफ्टवेअरही आहे. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशी पद्धत मांडली, की फोटोतले चेहरे ओळखायचे, तेवढे गोल ठेवायचे आणि मागच्या रेषा शक्य तितक्या सरळ सोडायच्या. संगणकावर डीएक्सओ व्ह्यूपॉइंटसारखी सॉफ्टवेअर चेहरे न ओळखता, अख्खा फोटो वळवून ताणलेल्या माणसांना पुन्हा गोल करतात. बदल्यात मागच्या भिंतीला थोडा बाक येतो. एखाद्या फोटोपुरतं ठीक. चारशे फोटोंच्या लग्नात एकेक आत्या दुरुस्त करत बसायचं असेल तर तुमची हौस.

## अंधाऱ्या हॉलचं काय?

एफ/२.८, एफ/३.५ हे आकडे लेन्सच्या भोकाचे. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, प्रकाश जास्त. बहुतेक किट लेन्स १८ वर एफ/३.५ देतात. एफ/१.७ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे एक तीसांश सेकंद लागत होता तिथे एक सव्वाशेअंश पुरतो. हळदीला धावणारी पोरं एक तीसांशात नुसते पिवळे फराटे म्हणून उमटतात, सव्वाशेला त्यांना नाक-डोळे येतात.

इथे एक गैरसमज. "त्या लेन्सला आयएस आहे, व्हीआर आहे, अंधारात चालते." हात हलला तरी फोटो हलू न देण्याची ती सोय आहे. तुमचा हात सांभाळला जातो, पोरगं धावायचं थांबत नाही. माणसांसाठी पैसे मोजायचे तर आधी भोकासाठी मोजा.

म्हणून कॅननची १०-१८ एफ/४.५-५.६ किंवा निकॉनची १०-२० एफ/४.५-५.६, दोन्ही हलक्या आणि त्यांच्या वर्गात स्वस्त असूनही, मी माणसांसाठी सुचवत नाही. नको तिथे रुंद आणि हवं तिथे अंधाऱ्या.

## नावं सांगा म्हणाल तर

कॅननचा क्रॉप डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम. २०१४ ची आहे, बिस्किटाएवढी जाड, आणि मला विचाराल तर या सगळ्या यादीतली सर्वांत शहाणी खरेदी. निकॉनच्या क्रॉप मिररलेसला (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याला) झेड डीएक्स २४ मिमी एफ/१.७, २०२३ ची. निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरवाल्यांची मात्र पंचाईत आहे, त्यांची प्रसिद्ध स्वस्त ३५ एफ/१.८ खोलीत अरुंद पडते. त्यांनी टेपचा तुकडा लावून किट लेन्सच वापरावी आणि पैसे फ्लॅशला घालावेत.

सोनी आणि फुजीच्या क्रॉपला व्हिल्ट्रॉक्सची २३ मिमी एफ/१.४. सिग्माची १६ मिमी एफ/१.४, २०१७ ची, सोनीवाल्यांत गाजलेली, प्रकाश भरपूर घेते, फक्त टोकाला माणूस उभा करू नका. फुल फ्रेमवर कॅनन आरएफ २८ मिमी एफ/२.८ आणि निकॉन झेड २८ मिमी एफ/२.८, दोन्ही लहानखुऱ्या. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ ही स्वस्त म्हणून मोह घालते. फुल फ्रेमवर माणसांसाठी ती फार रुंद, पण क्रॉपवर लावली तर जवळपास २६ सारखी, लहान खोलीला चालेल.

हाताने फोकस करायच्या चिनी लेन्स आणखी स्वस्त असतात. गिरणीवाल्या काकांना चालतात, हळदीच्या पोरांना नाही. आणि किट लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची ती "वाइड" भिंगं, शंभर टक्के नको.

## जुनी घेताना

मुंबईत फोर्टात बोरा बझारच्या आसपास हिंडलात तर जुन्या लेन्स बऱ्या मिळतात, पण हातात घेऊन बघायच्या. फोनचा टॉर्च मागून लावून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. धुळीच्या दोन-चार कणांनी काही बिघडत नाही.

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवून समोरून सरळ फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच कलली आहे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यावर जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण हातानेच फोकस कराव्या लागतात. कॅननची ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठी बनवलेली, लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाही.

## आणि उभं कसं करायचं

फोटोग्राफर सवयीने म्हणतात, "कडेचे जरा पुढे या, गोल करा." वाइडला हे उलटं पडतं. कडेचे आधीच ताणले जाणार, त्यात पुढे आले की आणखी मोठे. रांग सरळ ठेवा, हवं तर टोकाचे अर्धं पाऊल मागे. दोन्ही बाजूंना एकेका माणसाएवढी जागा रिकामी सोडा, तिथे फुलदाणी ताणली गेली तर तक्रार करत नाही. सगळे मावत नसतील तर रांग वाढवण्याऐवजी दोन रांगा करा, पुढच्यांना खाली बसवा. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सपाट. खुर्चीवर चढून खाली झुकवलात तर डोकी मोठी आणि पाय बाहुलीचे येतात.

परवा सत्यनारायण झाला त्याच खोलीत. मी २४ लावून भिंतीला टेकले, पुढचे खाली बसले, मागचे दोन रांगांत उभे. आत्या आली, रांग एकदा नीट न्याहाळली, आणि माझ्या वहिनीला कोपराने सरकवत बरोबर मधे जाऊन उभी राहिली.

"घे आता," म्हणाली.